ओढ्याची तपासणी सांगण्याआधी एवढं वाचा

आम्ही ओढ्या-नदीच्या पाण्याची प्रत पाणकिड्यांवरून ठरवतो, हे खानापूर-निपाणीकडच्या आमच्या ग्राहकांना आता ठाऊक आहे. तरी बाटली घेऊन येणारे येतातच: "एवढं बघून सांगा की." बाटलीतलं पाणी ती भरली त्या क्षणाचं. रात्री कुणी मळीचं पाणी सोडलं, तर सकाळपर्यंत ते पुढं निघून गेलेलं असतं. दगडाखालचे किडे मात्र आठवडेच्या आठवडे तिथंच राहतात. ऑक्सिजन घटला की त्यातले नाजूक मरतात, आणि त्यांची जागा लगेच भरत नाही.

याहून महाग पडते ती किडे स्वतःच धरून आणायची हौस. सगळे एकाच बाटलीत, वर बूच घट्ट. बेळगावला पोचेपर्यंत चतुराच्या अळीनं बाकीच्यांचा फडशा पाडलेला असतो. पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले आणि मागं बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची पिल्लं आम्हाला हवी असतात, नेमकी तीच गायब! वर दगड उलथून ठेवलेले, म्हणजे ती जागाही काही दिवस बाद. मग दुसरी फेरी, दुसरा खर्च, आणि नाव आमचं. तेव्हा कृपा करून दगडांना हात लावू नका. आणायचंच असेल, तर धरल्या धरल्या मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये टाका.

किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण असतात, जितकं कूळ घाणीला नाजूक तितके जास्त: स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या स्टोनफ्लाय किड्याला १०, लाल अळ्यांना २, गाळातल्या ट्यूबिफेक्स या बारीक गांडुळाला १. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या घाण पाण्यातही तग धरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक पद्धतही अशा गुणांवरच चालते.

"दोन जागांचे पैसे का?" सांडपाणी मिसळतं त्याच्या वरची जागा पाहिल्याशिवाय खालच्या जागेचं काय बिघडलं ते कळणार कसं? कणकुंबीकडच्या खडकाळ ओढ्याचे गुण बळ्ळारी नाल्याच्या गाळाला लावून चालत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही येत नाही. पुरात किडे वाहून जातात आणि चांगल्या ओढ्यालाही गुण कमी पडतात.

पाणी पिण्याजोगं आहे का, हे किडे सांगत नाहीत. त्यासाठी नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतूंची (मैलापाणी मिसळल्याची खूण) तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्या.

शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून बोलावलं, तर येण्याजाण्याचा खर्च वाटून जातो. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, असं वर्षाचं ठरवणाऱ्यांना दरात सवलत आहे. अहवाल मराठीत देतो. पंचायतीत द्यायला कन्नड प्रत लागली, तर तिचे वेगळे पैसे नाहीत.