फाळाची खालची बाजू

कोल्हापूरहून पुण्याला निघालेली गाडी सांगली, भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडीला येते. औंध संस्थानातल्या या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. चित्रकला शिकायला मुंबईला गेलेला हा माणूस रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळला. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. त्यापायी पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

विषाचं भय खोटं होतं. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराची खरी दुखणी फाळाला असतात. मऊ फाळ दगडगोट्यांत झिजून बोथट होतो, नांगर वर उचलतो आणि बैलांची दमछाक होते. कडक करावा तर दगडाला लागून मोडतो. यावरची युक्ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समनं १८०३ मध्येच काढली होती: फाळाची फक्त खालची बाजू कडक करायची. वरची बाजू आधी झिजते, खालची टिकते, त्यामुळे धार आपोआप राहते.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, याला 'चिल लावणं' म्हणेल. वाळूच्या साच्यात एका बाजूला लोखंडी ठोकळा, म्हणजे चिल, ठेवतात. वितळलेल्या बिडाचा रस त्याला टेकला की झटकन थिजतो. कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळत नाही, तो लोखंडाशी जखडून सिमेंटाइट होतो. हेच पांढरं बीड, कानस न लागणारं. वाळूकडच्या बाजूला रस सावकाश निवतो आणि करडं, मऊ बीड तयार होतं. चिल गंजलेला किंवा ओलसर असला तर वायू सुटून नेमके तिथंच ब्लोहोल, म्हणजे हवेचे पोकळ खड्डे, पडतात, म्हणून तो घासून, शेकून, ग्राफाइटचा लेप देऊन बसवायचा.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना वितळवायला दिल्या. मदत मोठीच, पण भट्टीवाल्याला अशा मालाचा घोर असतो. जुन्या बिडात सिलिकॉन किती, हे वरून कसं कळणार? सिलिकॉन कमी पडला तर पांढरेपणा फाळाच्या आरपार जातो.

फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, यावर त्याच रसाची पाचरीच्या आकाराची नमुन्याची वडी ओतून पाहतात. ती निवली की घणानं मोडायची आणि निमुळत्या टोकाकडून पांढरा पट्टा किती आत गेलाय ते मोजायचं. जास्त आत गेला असेल तर लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, थोडं फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) टाकायचं. पट्टा फारच कमी असेल तर पुढच्या घाण्यात स्टीलचं भंगार वाढवायचं.