चीक, डबा आणि झोळी

ऑगस्ट उजाडला की सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर स्तनपान सप्ताहाची पोस्टरं लागतात. १९९२ पासून १ ते ७ ऑगस्ट हा सप्ताह जगभर पाळला जातो. मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या आज्या पोस्टर वाचून हसतात. पाजायला कधी कुणाला सप्ताह लागला होता का? पण अंगावर पाजण्यालाही इतिहास आहे, आणि तो ‘पूर्वी सगळं नैसर्गिक होतं, मग दूध पावडरचा डबा आला’ इतका सरळ नाही.

आधी चिकाचंच घ्या. गोठ्यात म्हैस व्याली की चीक शेजारीपाजारी वाटला जायचा, गूळ-वेलदोडा घालून खरवस लावला जायचा, वडीवरून पोरांची भांडणं व्हायची. त्याच घरातल्या बाळंतिणीचा घट्ट, पिवळसर चीक मात्र ‘बाळाला बाधतो’ म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिळून टाकायचे. बाळाला तोवर मधाचं बोट. हे काही एखाद्या आजीच्या डोक्यातून आलेलं नाही. स्तन्य तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर वाहू लागतं असं सुश्रुतसंहिता सांगते, आणि तोवर बाळाला मध-तूप द्यायला सांगते. आजचं वैद्यक याच्या नेमकं उलट आहे: पहिल्या तासात पाजा, चीक टाकू नका कारण रोगांशी लढणारे घटक त्यातच ठासून भरलेले असतात, आणि मध तर वर्षाचं होईतो नकोच. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या दहातल्या जेमतेम चार बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळालं होतं.

म्हणजे परंपरेत सगळं चुकलंच होतं असं नाही. अळिवाची खीर नि डिंकाचे लाडू यांनी दूध किती वाढतं यावर वाद घाला हवा तर, पण खोलीत निजवलेल्या बाळंतिणीला सव्वा महिना कुणी चुलीपाशी बोलवत नसे. तिला वेळ मिळायचा. पान्ह्याला याहून मोठं औषध नाही, असं माझं मत आहे. अर्थात हा वेळही सगळ्यांच्या वाट्याला नव्हता.

गिरणगावातल्या बायकांचं बघा. कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेल्या या बायका बाळ दोन महिन्यांचं होत नाही तोच पुन्हा गिरणीत उभ्या राहत. तान्ह्याने दिवसभर निजून राहावं म्हणून त्याला ‘बाळगोळी’ देत. त्या गोळीत अफू असायची. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा हा प्रकार बहुतेक घरांत आढळला. दूध आटलं नव्हतं, आई घरी नव्हती. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती साहाय्याचं विधेयक आणलं, ते पडलं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असंच विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतिणीला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमांचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्याचा काही भार उचलला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली, आणि २०१७ मध्ये भरपगारी रजा २६ आठवड्यांवर गेली. शेतात, बांधकामावर, घरकामाला जाणारीला यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही.

डब्याची गोष्ट स्वित्झर्लंडमध्ये सुरू होते. १८६७ च्या सुमारास हेन्री नेस्ले या औषध व्यावसायिकाने दूध, पीठ आणि साखर यांची भुकटी बाजारात आणली. ज्यांना आईचं दूध मिळणं शक्यच नव्हतं त्या बाळांसाठी ती सोय होती, हे मान्य करायला हवं. पण पुढे ती सगळ्यांनाच विकायची झाली. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषण केलं, त्याचं शीर्षकच ‘दूध आणि खून’ असं होतं. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली आणि डबा पुरवून वापरायचा म्हणून पातळ केलेलं दूध, यांनी बाळं दगावत होती. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा मालाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली: बाजूने ११८ मतं, विरोधात एकच. ते एक मत अमेरिकेचं होतं.

आपल्याकडे डबा घरोघरी गेला तो वेगळ्या वाटेने. आईनंतर गाईचं दूध, म्हशीचं बाळाला जड, हे इथलं जुनं गणित. पण म्हशीच्या दुधापासून बाळअन्न करायचं तंत्र मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेत तयार झालं आणि १९६० च्या दशकात अमूलने त्याचा डबा आणला. परदेशी चलन वाचवणारा, अभिमानाचा डबा होता तो. ‘अमूल बेबी’ हा शब्द आपल्या बोलण्यात कायमचा बसला, आणि ‘गुटगुटीत’ म्हणजेच निरोगी हा समज त्याच्यासोबत पक्का झाला. अंगावर पिणारं, जरा किरकोळ दिसणारं बाळ बघून ‘दूध पुरत नाही वाटतं हिचं’ म्हणणाऱ्या आत्याबाई अजून प्रत्येक बारशाला हजर असतात.

डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात काही डॉक्टर आणि कार्यकर्ते जमले आणि त्यांनी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी संसदेने दूध पावडर, बाटल्या आणि बाळअन्न यांच्या विक्रीवर बंधनं घालणारा कायदा केला, तो १ ऑगस्ट १९९३ ला लागू झाला. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. पावडरचा डबा हातात घेऊन बघा. त्यावर बाळाचा फोटो नसतो, आईचाही नसतो. कायद्याने बंदी आहे. ‘आईचं दूध सर्वोत्तम’ ही सूचना मात्र छापावीच लागते. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डॉक्टरांना भेटी नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली गोष्ट. शेजारी धारावी. नवजात कक्षात कमी दिवसांची, किलो-सव्वा किलोची बाळं, आणि बाटलीतून होणारा संसर्ग. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे बाटली-पावडर बाजूला सारून आयांच्या दुधावर भर दिला, आणि २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. जिला जास्त दूध येतं ती पिळून देते. ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, गोठवतात, तपासून झालं की चमच्याने किंवा नळीने दुसरीच्या बाळाला देतात. कोणत्या जातीधर्माच्या आईचं दूध कोणाच्या बाळाला, याची चौकशी तिथे कुणी करत नाही. आपल्या समाजात हे लहानसहान काम नव्हे.

आता झोळी. बाळ अंगाशी बांधून ठेवायचं, रडलं की लगेच घ्यायचं, या संगोपनाला अमेरिकेत विल्यम सीयर्स या बालरोगतज्ज्ञाने १९८० नंतर नाव दिलं आणि लोकप्रिय केलं. त्याआधी, १९७८ च्या सुमारास, कोलंबियातल्या बोगोटामध्ये बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली, आणि ती तगली. तीच आज सरकारी दवाखान्यांतली ‘कांगारू मदर केअर’. आपल्याकडे उसाच्या फडावर जुनेराची झोळी झाडाला टांगलेली असते, आणि मेळघाटातली आई बाळ पाठुंगळी बांधून लाकडं आणते. पाठीशी मूल बांधलेली झाशीची राणी तर प्रत्येक शाळेच्या पुस्तकात. (दामोदर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, हे सोडून द्या.) शहरातल्या सुनेने तेच कापड दोन-तीन हजारांना ऑनलाइन मागवलं की सासूबाई म्हणतात, ‘मजुरणीसारखं काय बांधतेस गं पोराला?’

रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले म्हणून कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीचं नाव महाराष्ट्रात आता एसटी स्थानकांवरच्या आणि कचेऱ्यांतल्या स्तनपानाच्या खोल्यांना दिलेलं आहे. मागच्या उन्हाळ्यात भाचीसोबत एका स्थानकावर उतरले. बाळ चार महिन्यांचं, भुकेने लाल झालेलं. ‘हिरकणी कक्ष’ अशी छान रंगवलेली पाटी होती, खाली कुलूप होतं, आणि जाळीतून आत मोडकी बाकडी दिसत होती. चौकशीच्या खिडकीत विचारलं. चावी साहेबांकडे होती, आणि साहेब जेवायला गेले होते. भाचीने फलाटावरच्या बाकावर भिंतीकडे तोंड केलं आणि ओढणी पुढे घेतली.