तीन मिनिटांचे ७५ डॉलर आणि अर्ध्या सेकंदाची शांतता

७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात टेलिफोन सेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन मिनिटांचा दर होता ७५ डॉलर. त्या सुमारास फोर्डची नवीकोरी मॉडेल टी मोटार चारशे डॉलरच्या आत येई. पाच-सहा वेळा ख्यालीखुशाली विचारली की एका मोटारीचे पैसे संपले! अटलांटिकखालून तेव्हा टेलिफोनची तारच नव्हती. आवाज रेडिओच्या दीर्घ लहरींवरून जाई आणि दोन खंड मिळून एका वेळी एकच संभाषण होऊ शके. शिवाय दोन्ही दिशांना लहर तीच, त्यामुळे एकजण बोलू लागला की आवाजावर चालणारी कळ दुसऱ्याची वाट बंद करी. मध्येच घातलेला हुंकार पलीकडे पोचतच नसे.

पुढे लघुलहरींमुळे लाइनी वाढल्या, पण त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होत. सूर्यावर वादळ उठले की संपर्क खलास. कॉल आधी बुक करायचा आणि ऑपरेटर लाइन जोडून देईपर्यंत फोनपाशी बसून राहायचे, हा प्रकार अनेक वर्षे चालला.

तारायंत्राची केबल तर १८६६ पासून समुद्राखालून नीट चालत होती. मग बोलणेच का अडले? टिंब आणि रेघ सावकाश पाठवता येतात. बोलणे समजायचे तर सेकंदाला तीन हजारांच्या आसपास कंपने पलीकडे पोचली पाहिजेत, आणि कंपने जितकी जलद तितकी ती केबलमध्ये लवकर विरतात. वाटेत ठिकठिकाणी आवाज वाढवणारे रिपीटर हवेत, तेही समुद्राच्या तळाशी.

ते जमले २५ सप्टेंबर १९५६ रोजी. स्कॉटलंडमधले ओबान आणि न्यूफाउंडलंडमधले क्लॅरेनव्हिल यांच्यामध्ये 'टॅट-१' ही टेलिफोन केबल सुरू झाली. महासागरात दोन केबल, जाण्याची एक आणि येण्याची एक. प्रत्येकीत ५१ रिपीटर, प्रत्येक रिपीटरमध्ये आवाज वाढवणाऱ्या तीन व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे हवा काढलेल्या काचनळ्या. म्हणजे एकूण ३०६ ट्यूब, आणि एक जरी गेली तरी जहाज पाठवून खोल तळावरून केबल उचलायची. इथे अभियंत्यांनी जे केले त्याचे मला फार कौतुक वाटते. अद्ययावत ट्यूब हाताशी असताना त्यांनी वर्षानुवर्षे चाचणीत टिकलेला जुना नमुनाच घेतला. ती केबल २२ वर्षे चालली. सुरुवातीला लाइनी अवघ्या ३६ होत्या आणि तीन मिनिटांचा दर १२ डॉलर.

लाइनी कमी म्हणून १९६० मध्ये एक नामी युक्ती वापरात आली. संभाषणात माणूस निम्म्याहून जास्त वेळ ऐकत असतो किंवा थांबलेला असतो. त्या रिकाम्या क्षणांत त्याची लाइन दुसऱ्याला द्यायची आणि तो बोलू लागताच मोकळी असेल ती त्याला जोडायची! एखादे अक्षर सुरुवातीला कापले जाई, पण लाइनी जवळजवळ दुप्पट झाल्या.

एप्रिल १९६५ मध्ये 'अर्ली बर्ड' उपग्रह वर गेला आणि एकदम २४० लाइनींची सोय झाली. लाइनीची वाट पाहणे कमी झाले, उत्तराची वाट पाहणे सुरू झाले. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायचा तर ७२,००० किलोमीटरहून जास्त अंतर, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद. तुमचा प्रश्न जायला पाव, उत्तर यायला पाव. समोरासमोर बोलताना आपण एकमेकांचे वाक्य संपताच साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तोंड उघडतो. अर्धा सेकंद शांतता पडली की वाटते, समोरच्याला आपले म्हणणे पटले नाही. मग आपण पुन्हा सुरू करतो, तेवढ्यात त्याचे उत्तर येऊन आदळते, आणि दोघेही गप्प.

त्यात प्रतिध्वनीची भर. घरातून एक्स्चेंजपर्यंत आवाज एकाच तारजोडीवरून येतो-जातो. लांब पल्ल्याच्या लाइनीवर दोन्ही वाटा वेगळ्या. हा सांधा तंतोतंत जुळत नाही, म्हणून आवाजाचा थोडा अंश तिथूनच माघारी फिरतो. जवळच्या कॉलमध्ये तो जाणवत नाही. उपग्रहावरून मात्र आपलेच शब्द अर्ध्या सेकंदाने कानावर पडतात आणि बोलणारा अडखळतो. प्रतिध्वनी रोखणारी सुरुवातीची उपकरणे उलटी वाटच तोडून टाकत. अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या संशोधनशाळेत साठच्या दशकात त्याहून हुशार तोड निघाली: परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा अंदाज बांधायचा आणि तो वजा करायचा.

डिसेंबर १९८८ मध्ये प्रकाशातून आवाज नेणाऱ्या काचतंतूंची 'टॅट-८' केबल आली, सुमारे ४०,००० संभाषणे पेलणारी. न्यूयॉर्कहून लंडनपर्यंतचा उशीर ३० मिलिसेकंदांच्या आसपास उतरला. दर मात्र त्या मानाने रेंगाळतच उतरले, कारण प्रत्येक मिनिटामागे परदेशी यंत्रणेला किती द्यायचे हे देशोदेशींच्या टेलिफोन यंत्रणा आपसांत ठरवत, आणि त्या रकमेचा खऱ्या खर्चाशी फारसा संबंध उरला नव्हता.

आता इंटरनेटवरून कॉल करताना मिनिटाचा हिशेब कुणी ठेवत नाही, तरी बोलणे कधीकधी एकमेकांवर आदळतेच. आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, काही उशिरा पोचतात. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन थोडे तुकडे साठवून मगच वाजवतो. नेटवर्क ढिले असेल तर ही साठवण अटलांटिक ओलांडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त होते, मग पलीकडचा माणूस शेजारच्या खोलीत का असेना.