‘झे पार्ले’ आणि ‘झ पार्ले’: फ्रेंचमधील दोन भूतकाळ

‘झे पार्ले’ आणि ‘झ पार्ले’ ही दोन फ्रेंच रूपे नवशिक्याच्या कानाला जवळजवळ सारखीच वाटतात. पण पहिले पासे काँपोझे या भूतकाळाचे, म्हणजे ‘मी बोललो’, आणि दुसरे अँपार्फे या भूतकाळाचे, म्हणजे ‘मी बोलत होतो’ किंवा ‘मी बोलत असे’.

पूर्ण झालेल्या क्रियेला पहिला आणि लांबलेल्या क्रियेला दुसरा, असा जो ढोबळ नियम सांगितला जातो, तो मराठी माणसाला हमखास फसवतो. ‘मी ल्योंला दहा वर्षे राहत होतो’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्यातले ‘राहत होतो’ पाहून विद्यार्थी अँपार्फेचे ‘झाबिते’ लिहून मोकळा होतो. फ्रेंचला तेथे ‘झे आबिते’ हवे असते, कारण दहा वर्षे मोजून झाली आणि कालखंडाची दोन्ही टोके दिसली. मात्र ‘मी तेव्हा ल्योंला राहत होतो आणि एके दिवशी तिची भेट झाली’ या वाक्यात राहण्याला टोक नाही, म्हणून ते अँपार्फेत, तर भेट पासे काँपोझेत जाते. ‘झ साव्हे’ म्हणजे ‘मला माहीत होते’ आणि ‘झे स्यू’ म्हणजे ‘मला कळले’. आपण ज्यासाठी क्रियापदच बदलतो, ते फ्रेंच नुसता काळ बदलून साधते.

‘होतो’ची आणखी एक खोड आहे. ‘काल मी बाजारात गेलो होतो’ याचे शब्दशः ‘झेते आले’ होईल, पण त्यामागे दुसरी एखादी भूतकाळातील घटना नसेल, तर फ्रेंच माणूस साधे ‘झ सुई आले’ म्हणेल.

नकारात पासे काँपोझे आणि अँपार्फे यांतला फरक स्पष्ट दिसतो. ‘न’ आणि ‘पा’ ही जोडी क्रियापदाला दोन्ही बाजूंनी धरते. अँपार्फे एकाच शब्दाचा असल्याने ‘झ न पार्ले पा’ होते. पासे काँपोझेत मात्र ही जोडी केवळ सहायक क्रियापदाला (‘झे’मधल्या ‘ए’ला) धरते आणि मुख्य क्रियापदाचे रूप बाहेर राहते: ‘झ ने पा पार्ले’. ‘कधीच नाही’ या अर्थाचा ‘झामे’ ‘पा’च्याच जागी बसतो, पण ‘कोणालाही नाही’ या अर्थाचा ‘पेर्सॉन’ अगदी शेवटी जातो: ‘झ ने व्ह्यू पेर्सॉन’, म्हणजे मी कोणालाही पाहिले नाही. (रोजच्या बोलण्यात ‘न’ बहुधा गळतोच, लिहिताना तो गाळू नये.)

‘इल ने पा व्हन्यू’ म्हणजे ‘तो आला नाही’, आणि ‘इल न व्हने पा’ म्हणजे ‘तो येत नसे’. सवयीविषयी शंका आली, तर मराठी वाक्य आधी नकारार्थी करून पाहावे: ‘नसे’ चपखल बसले, तर बहुतेक वेळा अँपार्फेच योग्य ठरतो.