शाफ्टच्या भोकातून थेंब पडतोय, पडू द्यायचा का?

इंजिन बोटीच्या आत आणि पंखा बाहेर पाण्यात, मग दोघांना जोडणारा शाफ्ट बाहेर न्यायला बोटीला पाण्याच्या पातळीखाली भोक ठेवावंच लागतं. आणि त्या भोकाला बूच मारून मोकळं होता येत नाही, कारण आत शाफ्ट मिनिटाला शेकडो वेळा फिरतोय. तो फिरला पाहिजे आणि समुद्र आत यायला नको, एवढंच काम आहे, पण ते करायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यात निवड करताना लोक फार लवकर निकाल देतात असं मला वाटतं.

जुनी पद्धत म्हणजे ग्लँड. ज्यांच्या शेतात जुना इंजिनपंप होता त्यांना ग्लँडची दोरी सांगायला नको. बोटीत तीच दोरी, शाफ्टभोवती एक पितळी डबी, तिच्यात मेण, चरबी किंवा टेफ्लॉन मुरवलेल्या चौकोनी विणीच्या दोरीची तीन-चार कडी आणि ती दाबून धरणारा नट. प्रत्येक कडं वेगळं कापायचं आणि एकाचा जोड दुसऱ्याच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही. बरेच जण एकच लांब दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून ठोकतात, मग पाण्याला त्या वळणावळणाने आत यायचा सरळ रस्ताच मिळतो.

आता थेंबाचं बघू. ग्लँडमधून शाफ्ट फिरताना पडणारा थेंब हा बिघाड नाही, तीच त्याची वंगणाची सोय आहे. दोरी आणि शाफ्ट यांच्यामधे पाण्याचा पातळ थर असतो, तोच घर्षण कमी करतो आणि उष्णता बाहेर नेतो. थेंब दिसला की पाना घेऊन नट आवळणारे खूप बघितलेत, थेंब थांबतो, पण तासाभरात दोरी करपते, कडक होते आणि शाफ्टवर खाच पाडते, आणि खाच पडली की कितीही नवी दोरी भरा गळती जात नाही. माझे काका बंदरातून निघाल्यावर अर्ध्या तासाने खाली उतरून ग्लँडवर अख्खा तळहात ठेवायचे. कोमट लागलं तर ठीक, हात काढावासा वाटला तर नट पाव फेरा सैल. थर्मामीटर वगैरे काही नाही, पण तपासणी अगदी शास्त्रशुद्ध.

हिशेबही करून बघा. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. मिनिटाला ६ थेंब पडले तर दिवसभर शाफ्ट फिरता ठेवूनही अर्धा लिटर पाणी भरत नाही, सेकंदाला एक पडला तरी सव्वाचार लिटरच्या आसपास, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. त्रास वेगळाच आहे, ते खारं पाणी तळाशी डिझेल-ऑइलमधे मिसळतं, वास मारतं, लोखंड गंजवतं, आणि तळाशी कायम पाणी असलं की नवीन गळती सुरू झालेली कळतच नाही.

म्हणून न गळणारं सील. यात मुख्य प्रकार दोन. एकात कार्बनची गुळगुळीत कडी रबरी भात्यावर, म्हणजे घड्या असलेल्या रबरी नळीवर बसवलेली असते आणि ती शाफ्टसोबत फिरणाऱ्या स्टेनलेसच्या कडीवर दाबून राहते, भाता थोडा दाबूनच बसवतात, त्यामुळे तोच स्प्रिंगचं काम करतो. दोन्ही पृष्ठभाग इतके सपाट की मधे फक्त पाण्याचा अगदी बारीक थर उरतो. पंपातल्या मेकॅनिकल सीलचंच हे भावंड. दुसऱ्या प्रकारात रबराची ओठासारखी कड शाफ्टवरच घासत राहते. आमच्याकडच्या खाड्यांत गाळ आणि बारीक वाळू भरपूर, ती त्या कडेत अडकली की रबरही जातं आणि शाफ्टही, म्हणून तिथे मी हा दुसरा प्रकार सुचवणार नाही. शिवाय तो बदलायला शाफ्ट इंजिनपासून सोडवावा लागतो, शहाणे लोक एक जादा सील आधीच शाफ्टवर ओवून ठेवतात.

थेंब थांबला म्हणजे पाण्याची गरज संपली असं मात्र नाही. एका ओळखीच्या पर्यटन बोटीवर नवीन कार्बनचं सील बसवलं होतं, पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवली, इंजिन सुरू केलं आणि दहा मिनिटांत किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. बोट वर असताना भात्यात हवा भरली होती आणि ती कोणी काढलीच नव्हती. कार्बनची कडी हाताने जरा मागे ओढून पाण्याची चिळकांडी येऊ द्यायची, एवढंच करायचं राहिलं होतं. जोरात पळणाऱ्या बोटीत तर इंजिनच्या थंड पाण्याच्या लाइनमधून सीलला नळी द्यावी लागते.

माझ्या मते खरा फरक गळण्यात नाही, बिघडण्यात आहे. ग्लँडची दोरी हळूहळू झिजते, थेंबाची धार होईपर्यंत आठवडे जातात, आणि दोरीची कडी जागेवर असेपर्यंत सगळा समुद्र आत येत नाही. भाता फाटला तर? ४० मिलिमीटरचा शाफ्ट, भोवती ३ मिलिमीटरची फट आणि वर ६० सेंटिमीटर पाणी धरलं तर मिनिटाला जवळपास ५० लिटर आत येतं. २०० लिटरचं पिंप ४ मिनिटांत. अर्थात ग्लँडलाही बऱ्याच बोटींत मागे रबरी नळीच असते आणि तीही फाटू शकते, हे ग्लँडवाले विसरतात.

म्हणून रोज समुद्रावर जाणाऱ्या, तांडेल आणि खलाशी कायम सोबत असलेल्या मच्छीमार बोटीला मी ग्लँडच सांगेन, जाळं पंख्यात अडकून शाफ्टला हिसका बसला तरी ती सहन करते आणि दोरी कुठल्याही बंदरात मिळते. पण आठवडेच्या आठवडे बंद राहणारी शिडाची किंवा हौसेची बोट असेल तर कार्बनचं सील. त्याला अजून एक कारण आहे, स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर टिकायला पाण्यातला ऑक्सिजन लागतो, आणि न फिरणाऱ्या शाफ्टवर ओल्या दोरीखाली अडकलेल्या पाण्यात तो संपतो, मग दोरीखालीच बारीक खड्डे पडायला लागतात.

सील घेतलंत तर भात्यावर बसवल्याची तारीख मार्करने लिहा आणि पाच-सहा वर्षांनी तो चांगला दिसत असला तरी बदला. स्टेनलेसची कडी शाफ्टवर धरणारे छोटे स्क्रू एकदा काढले की परत वापरू नका, नवे घ्या, आणि त्या कडीला लागून इंजिनच्या बाजूने शाफ्टवर एक घट्ट कॉलर आवळा, म्हणजे स्क्रू सुटले तरी कडी इंजिनकडे सरकणार नाही.