प्लायवूडची छोटी होडी : बांधणी व वापर (नाशिक परिसर)

मरीन प्लायवूडचे तुकडे तारेने शिवून, सांधे इपॉक्सीने (दोन भाग कालवल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने) भरून घरच्या घरी बांधलेली, दोन माणसांची, सपाट बुडाची वल्हवायची होडी. शिवून चिकटवण्याची ही पद्धत १९६० च्या दशकात जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेल्या ‘मिरर’ या ब्रिटिश शिडाच्या होडीमुळे सर्वदूर पोचली. आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकाव्या लागत नाहीत, म्हणून सुतारकाम बेताचे येणाऱ्यालाही ती जमते. नाशिकजवळच्या जलाशयांवर मासेमार हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकताना दिसतात. त्यांच्यासारखीच ही होडी उथळ, चिखलाच्या काठालाही लागते. फक्त ती गाडीच्या टपावर चढवता आली पाहिजे. त्यामुळे वजन ४० किलोच्या आत राखणे ही पहिली अट.

माप आणि साहित्य. ८ × ४ फुटांचे, ६ मिमी जाडीचे दोन ताव पुरतात. एका तावातून ३ फूट रुंद बूड निघते. दुसऱ्यातून १५ इंच उंचीच्या दोन बाजू आणि उरलेल्या १८ इंची पट्टीतून पुढची-मागची आडवी फळी निघते. बुडाच्या तावाची राहिलेली फूटभर पट्टी आसनांना जाते. अशा होडीचे साधारण गणित असे, की सुमारे १५ किलो भार वाढला की ती १ सेंमी खाली बसते. होडी ३५ किलो, दोन माणसे १३० किलो आणि सामान १५ किलो धरले तर बूड १२ सेंमी पाण्यात जाते आणि काठ २५ सेंमीच्या आसपास वर राहतो. तिसरा माणूस बसला की ही उंची २० सेंमीवर येते; वाऱ्याच्या दिवशी ते धोक्याचे आहे.

प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्यावा. या मानकात सांध्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. शिक्का असला तरी तावाची कड नीट पाहावी: मधल्या थरात पोकळी दिसली तर तो ताव परत करावा, कारण पाणी नेमके तिथूनच शिरते. काठाच्या पट्ट्या सागवानी, २० × ३५ मिमी. इपॉक्सी ५ ते ६ किलो लागते आणि काचेचे कापड चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे, विणलेले. पाण्याच्या टाक्यांच्या दुरुस्तीला वापरतात ती सुट्या काचतंतूंची चटई इपॉक्सीसोबत घेऊ नये. तिचे तंतू धरून ठेवणारा डिंक बहुधा पॉलिएस्टर राळेत विरघळणारा असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, चटई ताठ राहते आणि वळणावर बसत नाही.

शिवण. कडेपासून १० मिमी आत, दर १५ सेंमीवर २ मिमीची भोके पाडून तांब्याच्या तारेचे टाके घालतात. वळणावर अंतर १० सेंमी. टाके सैल असतानाच पीळ तपासावा. पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने पाहावे. दोन्ही पट्ट्या समांतर दिसेपर्यंत खाली पाचरी सरकवाव्यात. इथे राहिलेला पीळ नंतर कशानेही निघत नाही आणि होडी कायम एका बाजूला ओढते. मग टाक्यांच्या मधल्या जागी थोडी लुकण लावून, ती घट्ट झाल्यावर तारा काढाव्यात आणि सांधा आतून सलग भरावा. चाळलेला बारीक भुसा इपॉक्सीत कालवून श्रीखंडाइतकी दाट झाली की ती लुकण उभ्या सांध्यावरून ओघळत नाही. सुमारे २० मिमी त्रिज्येच्या गोल पट्टीने ती ओढून घ्यावी आणि वर ७५ मिमी रुंद कापडाचे दोन थर द्यावेत. बाहेरची कड आधी ५-६ मिमी गोल घासलेली हवी. टोकदार कडेवर कापड उचलले जाते व खाली हवा अडकते.

इपॉक्सी आणि नाशिकची हवा. बहुतेक होड्या इथेच बिघडतात. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त ओतण्याची सवय पॉलिएस्टरच्या कामातून येते. इपॉक्सीत हार्डनर हा राळेचाच जोडीदार असतो. प्रमाण चुकले की थर कायमचा चिकट किंवा मऊ राहतो. डब्यावरचे प्रमाण वजनकाट्यावर मोजून, एका वेळी २०० ग्रॅमच कालवावे आणि पसरट ताटात ओतावे. खोल मगात तेच मिश्रण तापून धुरकटते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते. तेव्हा थर दोन-दोन दिवस ओला राहतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठावर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी साध्या पाण्याने व घासणीने धुवावा, मगच पॉलिश पेपर मारावा, नाहीतर पुढचा थर सुटतो. उन्हाळ्यात चूक वेगळी होते: सकाळी थर दिला की लाकूड तापत जाते, आतली हवा फुगून बाहेर येते आणि थरभर बुडबुडे उठतात. काम संध्याकाळी, लाकूड गार होत असताना करावे. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे सर्वांत सोयीचे दिवस.

पुढच्या व मागच्या आसनाखाली सुमारे ५० लिटरची एकेक बंद पेटी करावी. होडीत पाणी भरले तरी ती तरंगते आणि आत बसून उपसता येते. पेटीला झाकण हवेच. होडी ठेवताना ते उघडे राहिले नाही तर आतला दमटपणा प्लाय कुजवतो.

वल्ही. लांबी ७ फूट. वल्हे टेकवायचा आधार आसनाच्या मागच्या कडेपासून सुमारे ३० सेंमी मागे बसवतात. वल्हवणारा होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. वल्हवण्याच्या खेळात नाशिक जिल्ह्याचे नाव मोठे आहे. चांदवडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक जिंकला.

जलाशयावर. गंगापूर धरणाची मातीची भिंत पूर्वेला आणि पाण्याचा पसारा पश्चिमेला आहे. उन्हाळी दुपारी व पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे दमलेली होडी भिंतीकडे ढकलली जाते. म्हणून पहाटे निघून आधी वाऱ्याविरुद्ध जावे व परतताना वारा पाठीशी घ्यावा. भिंत, दरवाजे आणि पाणी उपसण्याच्या जागांपासून दूर राहावे. हे शहराचे पिण्याचे पाणी आहे. त्यात तेल, साबण, उष्टे काहीच जाऊ नये. होडी उतरवण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी. ती मिळत नसेल तर पर्यटन विकास महामंडळाच्या बोट क्लबमधून पाण्यावर जाता येते. लाइफ जॅकेट अंगात बांधलेले असावे, आसनाखाली ठेवलेले नव्हे.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर गाळपेर होते. पावसाळ्यानंतर त्याच शेतांचे खुंट, तारा आणि पंपाचे पाइप वीतभर पाण्याखाली असतात; काठाजवळ वल्हे उभे टोचत हळू यावे. हिवाळ्यात वारकरी पक्ष्यांचे थवे पाण्यावर बसतात, त्यांना लांबून वळसा घालावा. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले. ते अभयारण्य आहे, तिथे पक्षी मनोऱ्यांवरूनच पाहावेत.

इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुसभुशीत होते, म्हणून रंगाशिवाय होडी ठेवू नये. मोसम संपल्यावर ती सावलीत, दोन ओंडक्यांवर पालथी ठेवावी. बुडावर काळपट डाग दिसला तर पाणी शिरले आहे. तो भाग कोरड्या लाकडापर्यंत घासून, आठवडाभर वाळवून, कापडाचा तुकडा लावावा; ओल्यावर लावलेला तुकडा पुढच्या उन्हाळ्यात निघून येतो.