हडकलेल्या घोड्याला हरभरा किती?

“शर्यतीतून सोडवलेला घोडा हडकला असेल तर पोटभर हरभरा चारा, आठवड्यात अंग धरेल.” निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपवर हा निरोप जुनाच आहे. चारणाऱ्याची माया खरी, पण घोड्याचं जठर देहाच्या मानाने लहान आणि त्याला उलटी होत नाही. एकदम जास्त दाणा पडला की न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात आंबतं; पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते. उपाशी राहिलेल्याला धोका जास्तच.

आधी वाळलेलं गवत, थोडं थोडं, दिवसभर. साडेचारशे किलोच्या घोड्याला हळूहळू दिवसाला 7 ते 9 किलो गवतापर्यंत न्यायचं. दाणा नंतर, डॉक्टरांना विचारून.

पडताळा सोपा: खुरावर हात ठेवा. खूर सतत गरम, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणकतेय, घोडा पाय टेकायला कचरतोय, तर दाणा बंद आणि डॉक्टरांना फोन.